नऊ पोरांना सोन्याची पानं किती लागतील?

या वेळचं पत्र बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईचं आहे, थोडं कमी करून देते.

"मावशी नमस्कार. माझं डीएड झालंय पण नोकरी नाही, म्हणून घरीच सोप्यात गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेते. पहिली ते पाचवीची मिळून नऊ पोरं आहेत. सहा मराठी शाळेतली, दोन कन्नड शाळेत जातात, एक इंग्लिश मीडियमचा. आता दसऱ्याची सुट्टी लागतेय आणि सगळ्यांच्या आया म्हणतात सुट्टीत पाढे विसरतात, गणिताचं काहीतरी घे. मी मोबाईलवर 'सुट्टीतलं गणित' शोधलं तर सगळी ख्रिसमसच्या झाडाची नि बर्फाच्या बाहुल्याची वर्कशीटं आली. प्रिंट काढून दिली, दहा मिनिटांत रंगवून टाकली आणि परत दंगा सुरू. चौथीतला एक मुलगा आहे, भागाकार म्हटलं की रडायलाच येतं त्याला. घरात मुसलमान घरची एक मुलगी येते, एक ख्रिश्चन घरचा मुलगा येतो, त्यामुळे नुसतं दिवाळी दिवाळी केलेलं पण बरं वाटत नाही. खर्च करायला पैसे नाहीत. काय करू?"

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. आणि पहिली गोष्ट तुला सांगते, त्या वर्कशीटात बर्फाचा बाहुला होता म्हणून पोरं कंटाळली नाहीत. तू बाहुल्याच्या जागी पणती छापून दिली असतीस तरी दहा मिनिटांतच रंगवून झालं असतं, कारण पाच पणत्या अधिक तीन पणत्या किती असं विचारलं की पोरगं पणतीकडे बघतच नाही, ते ५ नि ३ बघतं, उत्तर लिहितं आणि चुकलं तर तू लाल पेनने फुली मारणार, एवढाच त्याचा शेवट. सणाच्या कामात तसं नसतं. तिथं हिशोब चुकला तर कुणाच्या तरी ताटात लाडू पडत नाही, नाहीतर रांगोळीचा एक कोपरा वाकडा येतो, आणि ते पोराला स्वतःलाच दिसतं, तुला सांगावं लागत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गणिताला सणाचे कपडे घालू नकोस, सणाचं खरं काम पोरांच्या हातात दे आणि त्यातला हिशोब त्यांच्यावर सोड. मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलं, पहिली-दुसरी-तिसरी एकाच खोलीत बसवून शिकवलंय, त्यामुळे लहानमोठी पोरं एकत्र असली तर काय होतं ते मला माहितेय.

सुरुवात दसऱ्यापासूनच कर. आपल्याकडे कर्नाटकात तसंही सरकारी शाळांना दसऱ्याची सुट्टी मोठी आणि दिवाळीला मोजके दिवस, पलीकडे महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला उलटं, म्हणून मामाची पोरं दिवाळीत येतात तेव्हा आपली पोरं शाळेत असतात. तर सुट्टी आहे तोवर हे घे. नऊही पोरांना गोल उभं कर आणि विचार, दसऱ्याला प्रत्येकानं प्रत्येकाला सोन्याचं एक एक पान दिलं तर एकूण पानं किती लागतील? उत्तर सांगू नकोस. कुणी नऊ म्हणेल, कुणी अठरा म्हणेल आणि पाचवीतलं कोणतरी पाढा म्हणून नऊ नवे एक्क्याऐंशी म्हणेल आणि त्याला एकदम खात्री असेल. मग म्हणायचं बरं, मोजून पानं घ्या नि वाटा. माझ्या वर्गात हे केलं तेव्हा एक्क्याऐंशीवाल्या पोरीनं प्रत्येकाच्या हातात नऊ नऊ पानं दिली, सगळ्यांनी सगळ्यांना वाटली, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात एक पान उरलं. सगळी गप्प. मग एक दुसरीतलं पोरगं हळूच म्हणालं, बाई, मी मला कुठं दिलंय. तेवढंच. स्वतःला कोण सोनं देत नाही म्हणून नऊ जणांनी आठ आठ, म्हणजे ७२. त्या पोरीनं मग कधी ते विसरलं असेल असं मला वाटत नाही.

आता याच्याच पुढचं. पानं दिल्यावर गळाभेट घ्यायची. गळाभेटी किती झाल्या? परत सगळी ७२ म्हणणार. पण मी तुला पान दिलं नि तू मला दिलंस ही दोन पानं झाली, गळाभेट मात्र दोघांची मिळून एकच, म्हणून ३६. यावर पोरं भांडतील, भांडू दे, मध्ये पडू नकोस. पहिलीच्या पोरांना नऊ जणांचं झेपणार नाही, त्यांना तिघांचं दे, पानं ६ आणि गळाभेटी ३, मग चौघांचं, पानं १२ नि गळाभेटी ६. मोठ्यांना वहीत एकाखाली एक लिहायला लाव, दोघं असतील तर २ पानं, तिघं ६, चौघं १२, पाच जण २०, सहा जण ३०, आणि दोन ओळींमधला फरक काढायला सांग, ४, ६, ८, १० येतो. असं का ते त्यांनाच शोधू दे, आणि नाही सापडलं तर तेवढ्यात गल्लीतलं दहावं पोर आत बोलव. आता अजून किती पानं पाहिजेत? नवीन आलेला नऊ जणांना देणार आणि नऊ जण त्याला देणार, १८ पानं जास्त, एकूण ९०. खरं माणूस दारातून आत आलं की हे डोळ्याला दिसतं.

पानांसाठी फांद्या मात्र मोडू देऊ नकोस. आपट्याची झाडं दसऱ्याला अगदी ओरबाडून काढतात लोक, बघवत नाही. थोडी खरी पानं आण, बाकीची जुन्या वहीच्या कागदाची काप. कागद मधोमध दुमडून कापला की आपट्याचं पान होतं, दोन्ही बाजू सारख्या, तिथेच सममिती पण शिकवून झाली आणि पहिलीवाल्यांना प्रत्येक पानाचे दोन दोन भाग मोजत बेचा पाढा पण. कन्नड शाळेतली दोघं बन्नी म्हणतील, म्हणू दे, उलट त्यांच्याकडून सगळ्यांना शिकव, 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु', आपल्या सोनं घ्या सोन्यासारखं राहा याचंच भावंड आहे ते.

आता त्या रडणाऱ्या मुलाचं. माझी शंका अशी आहे की त्याला भागाकार येत नाही असं नाही, त्याला भागाकाराची मांडणी भीती घालते. वर किती, खाली किती, शून्य कुठं उतरवायचं, यातच तो बुडतोय. त्याला पाटी-वही काही देऊ नकोस. फराळाचं काम दे. समजा तुझ्या आईनं ४३ लाडू वळले, लाडू नसतील तर चिंचोके घे, काय पण चालतंय. सहा घरांना वाटायचेत. त्याला म्हण, तुला जसं सुचतंय तसं वाट. बहुतेक तो एक तुला एक तुला करत फिरेल, फिरू दे पहिल्यांदा. दुसऱ्यांदा विचार, सगळ्यांना एकदम पाच पाच देता येतील का? सहा पंचे तीस, तीस गेले, उरले तेरा. अजून किती देता येतील? दोन दोन, बारा गेले, उरला एक. पाच नि दोन सात. हेच वहीत तसंच लिहू दे, ४३ मधून ३० वजा, १३ मधून १२ वजा, बाजूला ५ आणि २, बेरीज ७, बाकी १. हा पण भागाकारच आहे आणि अगदी बरोबर भागाकार आहे, पुस्तकातल्या मांडणीला तो आपोआप येईल, घाई करू नकोस.

आणि खरी मजा पुढं आहे, त्या उरलेल्या एकात. हेच ४३ लाडू सहा सहाच्या डब्यात भरायचे असतील तर सात डबे भरले नि एक लाडू उरला, तो कुणीतरी तोंडात टाकला तर विषय संपला. पण ४३ माणसं सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला निघालीत आणि एका गाडीत सहाच बसतात, तर गाड्या किती? सात म्हटलं तर एक म्हातारी घरी राहिली की! आठ गाड्या लागतात. आणि ४३ रुपये सहा जणांत वाटले तर उरलेल्या रुपयाचं काय करायचं ते अजून वेगळं. गणित तेच, ४३ भागिले ६, पण उरलेल्या एकाचं काय करायचं ते कागदावर ठरत नाही, काम बघून ठरवावं लागतं. शाळेत बाकी १ लिहून आपण पुढं जातो. पोरांना त्या बाकीवर थांबव, प्रत्येकाला एक एक नवीन गोष्ट सांगायला लाव ज्यात ४३ भागिले ६ चं उत्तर कधी ७, कधी ८ येतं. या खेळात तो तुझा चौथीतला पुढं येईल बघ, कारण इथं पाठांतर लागत नाही, डोकं लागतं.

तुझ्याकडे तीन माध्यमांची पोरं आहेत ते तुला अडचण वाटतेय, मला तर ते सोनं वाटलं. आपल्या भागातल्या पोरांना एक गोष्ट फुकटात मिळते ती दुसरीकडे मिळत नाही. मराठीत आपण सत्तावीस म्हणतो, आधी सात मग वीस, म्हणून पहिली-दुसरीतली पोरं ऐकून ७२ लिहून बसतात. कन्नडमध्ये इप्पत्तेळु, आधी वीस मग सात, जसं लिहितो तसंच. २०१९ ला पलीकडे महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, आणि इथं आपल्या गल्लीतलं पोर दुकानात रोज दोन्ही तऱ्हेनं मोजतं. तर पणत्या मांडताना हे कर, एकानं मराठीत मोजायचं, दुसऱ्यानं त्याच पणतीला कन्नडमध्ये, आणि एकोणतीस आलं की थांबायचं. मराठीत एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु म्हणजे वीस नि नऊ. एकच पणती, एक जण तिच्याकडे तिसावरून मागं बघतोय, एक जण विसावरून पुढं. वजाबाकी नि बेरीज एकाच जागेवर येऊन भेटतात.

आणि पाऊणचं तर याहून भारी आहे. आपलं पाऊण म्हणजे एकाला पाव कमी, शब्दातच ऊन आहे. कन्नड मुक्कालु म्हणजे तीन काल, तीन पाव. एक जण पूर्ण भाकरीतून चतकोर काढतोय, दुसरा तीन चतकोर जोडतोय. भाकरी घेऊनच दाखव, चार तुकडे कर. मग बाजारात जे शब्द सर्रास चालतात ते घे, पाव किलो कुंदा, अर्धा किलो, सव्वा, दीड, अडीच. हल्ली चौथी-पाचवीतल्या पोरांना पावणेतीन म्हणजे किती विचारलं तर तोंडाकडे बघतात गं, अपूर्णांकांचा धडा मात्र पाठ असतो. आमच्या आधीच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ करायला लागायची. सगळं परत आणायला पाहिजे असं नाही, पण दिडकी तेवढी म्हणून घे, फराळाच्या सामानाला लगेच उपयोगी पडते. एका घाण्याला दीड वाटी साखर तर चार घाण्यांना किती, हे पोरांनी आईला सांगितलं पाहिजे आणि आईनं पण वाटी हातात घेऊन वाट बघितली पाहिजे, आधीच साखर ओतून मोकळं नाही व्हायचं.

रांगोळी तर तुझ्या दारात रोज असेलच. ठिपके मोजायला सांगतात सगळेच, मोजण्यात काय नाही. मोजल्याशिवाय सांगा म्हणायचं. एक ओळ एका ठिपक्याची, त्याखाली दोन, तीन, चार, पाच, मग परत चार, तीन, दोन, एक, ठिपके मध्ये मध्ये टाकायचे. एकूण किती? बेरीज करत बसलं तर होतं, पण एखादं पोर मान तिरकी करून बघेल आणि त्याला पाच पाचच्या पाच ओळी दिसतील, २५. चौकोनच आहे तो, फक्त कोपऱ्यावर उभा केलेला! मग एक ते सात ते एक केलं तर? सात साते एकोणपन्नास, टाकून बघा. यानंतर ५ ते ३ वाली घ्या, ३, ४, ५, ४, ३, ते १९ होतात, आणि ७ ते ४ वाली ३७. इथं चौकोन दिसत नाही, षटकोन दिसतो, मधला एक ठिपका सोडला तर बाहेरचे सगळे सहा सहाच्या पटीत बसतात, १ नि १८, १ नि ३६. मधला ठिपका लाल कर, त्याच्या भोवतीचे सहा पिवळे, त्याच्या भोवतीचे बारा हिरवे, असं कडं कडं रंगवत गेलं की सहाचा पाढाच अंगणात उमलतो, ६, १२, १८. मी हे कितीदा बघितलंय तरी मला प्रत्येक वेळी छान वाटतं. आणि रांगोळी नको असेल त्या घरच्या पोरांना खडूनं फरशीवर टाकू दे, ठिपके ते ठिपकेच.

मुसलमान घरची मुलगी आणि ख्रिश्चन घरचा मुलगा, त्यांचं तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं मला. त्यांच्या सणाचं वेगळं वर्कशीट काढू नकोस, त्यांच्या सणाशिवाय जे गणित होणारच नाही असं गणित घे. भिंतीवरची जुनी कॅलेंडरं गोळा कर, कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतात, नाहीतर मोठ्यांच्या मोबाईलवर बघा. रमजान ईद लिहायला सांग त्या मुलीला. २०२२ ला ३ मे, २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्च. किती दिवसांनी अलीकडे सरकली मोजा. दरवर्षी ११, बरोबर ११. (एप्रिलचे दिवस तीस हे विसरलं की चुकतं, तिथंच महिन्यांचे दिवस पक्के होतात.) आता लक्ष्मीपूजन लिहा. २०२२ ला २४ ऑक्टोबर, २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर. ही पण ११ नं मागं येते, ११ नं मागं येते, पण २०२३ ला एकदम १९ दिवस पुढं उडी. का? तर त्या वर्षी अधिक श्रावण आला. चंद्राचे बारा महिने मिळून ३५४ दिवसांच्या आसपास होतात, सूर्याचं वर्ष ३६५ चं, फरक ११ चा. आपण दोन-तीन वर्षांनी एक जादा महिना घालून दिवाळी परत जागेवर आणतो, ईदला तसा महिना घालत नाहीत म्हणून ती सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. आणि नाताळ? तो मुलगा म्हणेल आमचा २५ डिसेंबर हलतच नाही. हलत नाही खरं, पण वार बघ म्हणावं, दरवर्षी एक वार पुढं जातो आणि लीप वर्ष आलं की दोन, कारण ३६५ ला ७ नं भागलं तर बाकी १ उरते. बघ, परत ती बाकी आली! पाचवीतल्यांना हे पूर्ण कळेल, तिसरीतल्यांना निदान मागं किती दिवस मोजता येईल, आणि तीन घरचे तीन सण एका तक्त्यात शेजारी शेजारी लागतील. पुढच्या वर्षीची ईद साधारण कधी, हे त्या मुलीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी लिहून ठेवायचं. साधारण म्हणायला विसरू नका, चंद्र दिसण्यावर एखादा दिवस इकडं तिकडं होतो.

घट बसतात त्या दिवशी एका वाटीत माती घालून गहू पेर, घरच्या देवाच्या घटाला हात लावायला काही घरांत चालत नाही म्हणून वेगळी वाटी. रोज सकाळी पट्टीनं मोजून लिहायचं. पहिले एक-दोन दिवस शून्य येतं, ते शून्य पण लिहायचं. दसऱ्याला उंचीच्या रेघा चौकटीच्या वहीत शेजारी शेजारी काढल्या की आलेख तयार.

दिवाळीतला किल्ला पोरं करणारच, तुला काही सांगायला लागणार नाही, तू फक्त एक प्रश्न टाक. मावळा जर तुझ्या बोटाएवढा आहे तर दरवाजा किती उंच पाहिजे? मावळ्याला दरवाज्यातून वाकून जावं लागलं तर किल्लेदार काय म्हणेल? खरा माणूस साडेपाच फूट, मावळा दोन इंच, म्हणजे किल्ल्यावरचा एक इंच हा खरे ३३ इंच झाला. मग झाडं, विहीर, तोफ सगळं त्या मापात करा म्हटलं की तीन दिवस पोरं दुसरीकडे जात नाहीत. ज्यांनी राजहंसगड बघितलाय त्यांना त्याचा बुरूज आठवून करायला लाव.

आयांचं टेन्शन घेऊ नकोस. पण त्यांचं म्हणणं अगदीच उडवून पण लावू नकोस, पाढे विसरतात हे खरं आहे. रोज पाच मिनिटं पाढे म्हणायचे, मोठ्यांदा, उभं राहून, आणि मग काम. प्रत्येकाला जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांची एक सुट्टीची वही शिवून दे, त्यात रोज त्या दिवसाचा हिशोब आणि चित्र. चुकलेलं खोडायचं नाही, आधी काय वाटलं होतं ते पण राहू दे, ८१ लिहिलेलं तसंच नि खाली ७२. आया वही मागतील तेव्हा ती दाखव आणि म्हण, पोराला विचारा हे ७२ कसं आलं. पोरगं जर आईला समजावून सांगू शकलं तर आई परत विचारायची नाही सुट्टीत काय केलं म्हणून. आणि रोज अर्धा-पाऊण तासाच्या वर घेऊ नकोस गं, सुट्टी आहे त्यांची. एखाद्या दिवशी नुसतंच सूरपारंब्या खेळू देत.

शेवटी कंदील, कारण हा सगळ्या नऊ जणांनी मिळून करायचा आहे आणि याला दिवस लागतात. बुरडाकडून एक बांबू चिरून आण, कामट्या तासलेल्या घे, पोरांच्या हाताला कूस लागते. २० सेंटिमीटरच्या २४ काड्या कापायच्या. चार चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. आता चौकोनाला चौकोन चिकटवायचा नाही, कोपऱ्याला कोपरा बांधायचा, एक वर, एक खाली, चार बाजूंनी. सहा चौकोनांचे कोपरे २४, प्रत्येक गाठीत दोन कोपरे, म्हणून गाठी १२. हे बांधायच्या आधी त्या चौथीतल्याला विचार, दोरा किती गाठींना कापू? हा पण भागाकारच आहे पण त्याला सांगू नकोस. बांधून झालं की चौकोनांच्या मधे काय तयार झालंय बघा म्हणावं. त्रिकोण! कुणी बांधलेच नव्हते, आपोआप आले, मोजा, आठ. सहा चौकोन आठ त्रिकोण, चौदा खिडक्या.

मग तो कंदील उचलला की लडबडायला लागेल, एकीकडे झुकेल. पोरं म्हणतील बाई मोडला. मोडला नाही, हात लावून बघा कुठली खिडकी हलतेय. त्रिकोण एकही हलत नाही, चौकोन मात्र सगळे तिरके होतात. तर मग चौकोनाचे पण त्रिकोण करू या, प्रत्येक चौकोनात एक तिरकी काडी. पोरं लगेच २० ची काडी घेऊन येतील आणि ती पुरणार नाही, हा क्षण सोडू नकोस, काही बोलू नकोस. पट्टीनं मोजू दे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, २८ च्या थोडं वर भरतं. बांधायला जागा धरून ३० ची काप. सहा काड्या. सहावी काडी बांधली की कंदील असा घट्ट होतो की टेबलावर ठेवून वर वही ठेवली तरी हलत नाही. बांबू किती लागला याचा हिशोब पाचवीतल्यांनी करायचा, २४ गुणिले २० म्हणजे ४८० आणि ६ गुणिले ३० म्हणजे १८०, एकूण ६६० सेंटिमीटर, साडेसहा मीटरच्या थोडं वर. एखाद-दुसरी काडी मोडते म्हणून सात मीटरचा हिशोब धर.

ताव कापताना खालचा नि वरचा चौकोन मोकळा सोड, बल्बची गरम हवा जायला, म्हणजे कागद लागतील चार चौकोन नि आठ त्रिकोण. गव्हाच्या पिठाची खळ कर, पातळ नको. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी करायला घेऊ नकोस, चार दिवस आधी सुरू कर, आपल्याकडे त्या दिवसांत कधी कधी पाऊस रेंगाळतो नि खळ वाळत नाही.